अहोम पोथी युनिकोडमध्ये: प्रकल्प नोंदी

९ जानेवारी २०२५

कामाची आखणी आज पक्की झाली. आसाममधल्या शिवसागरजवळच्या एका देवधाई (अहोम पुरोहित) घराण्याकडे असलेल्या अहोम पोथीची पानं युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला संगणकावर ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, उतरवायची, शेजारी देवनागरी आणि असमिया लिप्यंतर द्यायचं, आणि हे टाइप करणं तिथल्या शिक्षकांना सहज जमावं म्हणून कीबोर्ड तयार करायचा. पोथीच्या बाजूला सर आहेत. ते शाळेत शिकवतात आणि सुट्टीच्या दिवशी गावातल्या मुलांकडून अहोम अक्षरं गिरवून घेतात. कोडचं काम बंगळूरचा सहकारी बघेल. लिपी, फाँटची तपासणी आणि लिप्यंतर माझ्याकडे. मोडी कागद वाचायची सवय हीच माझी शिदोरी.

नोंदी मराठीत ठेवते आहे, कारण ताई भाषांबद्दल मराठीत वाचायला फार थोडं सापडतं. तेव्हा आधी थोडी ओळख. अहोम ही ताई कुळातली भाषा. थाई, लाओ, शान या तिच्या बहिणी. १२२८ मध्ये सुकाफा पाटकाईचे डोंगर ओलांडून ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात उतरला, १२५३ मध्ये त्याने चराईदेवला राजधानी वसवली, आणि त्याच्या वंशाचं राज्य जवळजवळ सहाशे वर्षं चाललं. १८२६ च्या यांदाबूच्या तहानंतर तो मुलूख इंग्रजांकडे गेला. एवढ्या काळात राज्यकर्त्यांनी भोवतालची असमिया आपलीशी केली. आधी दरबारातून, मग घरातून अहोम बोलणं मागे पडत गेलं आणि थांबलं. ती उरली देवधाई, मोहन आणि बैलुंग या पुरोहित घराण्यांच्या पोथ्यांत आणि पठणात.

खडकवासल्याला एनडीएत सर्वोत्तम कॅडेटला १९९९ पासून लाचित बोरफुकन सुवर्णपदक देतात. पुणेकरांच्या कानावरून हे नाव दरवर्षी जातं. लाचित ज्या राज्याचा सेनापती होता त्या राज्याची स्वतःची लिपी होती, हे त्याबरोबर कुणी सांगत नाही. सांगायला हवं.

१२ जानेवारी

पहिली छायाचित्रं आली. पान कागदाचं नाही, साँचीपातचं आहे. साँची म्हणजे अगरूचं झाड. त्याची साल पट्टीने सोलून वाळवतात, घासून गुळगुळीत करतात, उडदाच्या वाटणाचा हात देतात आणि वर हरताळ चढवतात. पान पिवळंधमक दिसतं ते त्या हरताळामुळे. आपल्याकडच्या पोथ्यांत चुकलेलं अक्षर बुजवायला हरताळ लावत. इथे तो अख्ख्या पानाला लावलेला आहे, कारण तो विषारी असतो आणि कीड दूर राहते. शाई हिरडा, लोखंडाचा गंज आणि बैलाचं मूत्र यांची. आसामच्या दमट हवेत ही पानं शतकं काढतात, त्यामागे हे सगळं ज्ञान आहे.

सरांनी फोटो खिडकीच्या उजेडात, एका बाजूने प्रकाश येईल असे काढलेत. त्यामुळे सालीचे धागे दिसतात, आणि त्या धाग्यांच्या आडव्या रेषा काही ठिकाणी अक्षराच्या मात्रेसारख्या भासतात. संगणकावर रंगांचे तीन चॅनेल वेगळे करून पाहिले. लाल चॅनेलमध्ये पिवळी पार्श्वभूमी जवळजवळ पांढरी होते, पण जिथे शाई फिकटून तपकिरी झाली आहे तिथे अक्षरंही विरतात. निळ्यात सगळं पान काळवंडतं. हिरवा चॅनेल कामाचा ठरला. इथून पुढे प्रत्येक पानाची मूळ प्रत आणि हिरव्या चॅनेलची प्रत अशा दोन्ही ठेवायच्या.

पोथी रिक-ख्वानची आहे, म्हणजे आजारी किंवा धास्तावलेल्या माणसाचं ख्वान, त्याचं चैतन्य, परत बोलावण्याच्या विधीची. घरातले आजोबा ती उघडण्याआधी दिवा लावतात. त्यांनी दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या आहेत: शेवटची काही पानं फोटोतही घ्यायची नाहीत, आणि घेतलेल्या पानांपैकी कुठली लोकांसमोर ठेवायची ते तेच ठरवणार. हे आमच्या फाइलच्या पहिल्या ओळीत लिहून ठेवलं.

१६ जानेवारी

कीबोर्डचा आराखडा.

अहोम लिपी युनिकोडच्या ८.० या आवृत्तीत, २०१५ मध्ये आली. जागा यू+११७०० पासून. त्याआधी एकच वर्ष, ७.० मध्ये, आपली मोडी आली होती, आणि दोन्हींचे पत्तेही जवळजवळच आहेत. मोडी यू+११६०० पासून सुरू होते. मोडीचा प्रस्ताव लिहिणारे अंशुमान पांडे यांनीच अहोमचाही आरंभीचा प्रस्ताव मांडला होता. पुढचा, मंजूर झालेला प्रस्ताव मार्टिन हॉस्केन आणि स्टीफन मोरे यांचा.

अक्षरांचा क्रम बघण्यासारखा आहे. आपल्यासारखे कवर्ग, चवर्ग असे गट नाहीत. क, ख, ङ, न, त, प, फ, ब, म अशी सुरुवात, आणि ग, घ, द, ध, भ, झ ही सगळी मंडळी रांगेच्या शेवटी. कारण साधं आहे: ताई बोलण्यात त्यांची गरज नव्हती, भारतीय शब्द लिहायची वेळ आली तेव्हा ती मागून आली. २०२१ च्या १४.० आवृत्तीत आणखी सात अक्षरं जोडली गेली, त्यांत ट, ठ, ड, ढ, ण आणि चक्क ळ आहे. मराठी माणसाला ळ बघून बरं वाटतंच.

सरांच्या सोबतचे शिक्षक इनस्क्रिप्ट या असमिया कीबोर्डवर टाइप करतात. म्हणून क जिथे आहे तिथेच अहोमचा क, शिफ्टसह ख, ही मांडणी ठेवली. त, ग आणि ब यांची पर्यायी रूपं राइट ऑल्टवर. दहा आणि वीस यांना स्वतंत्र चिन्हं आहेत, तीही राइट ऑल्टसह १ आणि २ वर दिली. शून्य वापरून दहा लिहिण्याची सवय असलेल्याला हे चिन्ह सापडायला हवं, म्हणून मदतीच्या पानावर त्यांची मोठी आकृती टाकायची.

२० जानेवारी

सरांकडे त्यांनी आणि त्यांच्या आधीच्या लोकांनी टाइप केलेल्या बऱ्याच जुन्या फाइली आहेत. सगळ्या युनिकोडपूर्व फाँटमध्ये. अहोमची आकृती इंग्रजी अक्षराच्या जागी बसवलेली. फाँट काढला की उरतात विस्कळीत रोमन अक्षरं. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेली जुनी मासिकं ज्यांनी युनिकोडमध्ये आणली आहेत त्यांना हे दुखणं नवं नाही.

दुखण्याची जागाही तीच. आपली पहिली वेलांटी जशी अक्षराच्या डावीकडे दिसते पण युनिकोडमध्ये अक्षरानंतर साठवली जाते, तशी अहोमची ए ची खूण, यू+११७२६, डावीकडे दिसते आणि नंतर साठवली जाते. जुन्या फाँटमध्ये ती दिसते तशीच आधी टाइप केलेली. म्हणजे नुसतं अक्षराला अक्षर बदलून भागत नाही. खूण उचलून पुढच्या व्यंजनानंतर नेऊन ठेवायची, आणि त्या व्यंजनाला र किंवा ल जोडलेला असेल तर त्याच्याही पुढे. सहकाऱ्याने नियम लिहिला, मी सरांच्या फाइलीतून अडचणीचे नमुने काढून दिले. मोडी आणि देवनागरीसाठी केलेलं काम इथे जसंच्या तसं उपयोगी पडतंय, याचा आनंद आहे.

२७ जानेवारी

नोटो सेरिफ अहोम या फाँटवर तपासणी. एकच व्यंजन, वर इ ची खूण आणि खाली उ ची खूण, दोन्ही एकत्र. ही जोडी चुकीची टाइप झालेली नाही. ताई भाषांतला ओठ न गोलवता काढायचा उ असा लिहितात. वर-खाली दोन्ही खुणा नीट बसतात. खाली ल जोडून त्याखाली उ आला की मात्र ओळीतलं अंतर वाढवावं लागतं, नाही तर खालच्या ओळीच्या वेलांट्यांवर आदळतं. छापील प्रतीसाठी ओळीतलं अंतर वाढवून ठेवलं.

३१ जानेवारी

आज मे-दाम-मे-फी, पितरांना नैवेद्य दाखवण्याचा दिवस. आसामात सुट्टी असते. सरांकडे दिवसभर मांडव आणि माणसं, त्यामुळे काम बंद. संध्याकाळी त्यांचा एकच निरोप (बाइदेउ म्हणजे थोरली बहीण): "बाइदेउ, आज मुलांनी फलक अहोम अक्षरांत लिहिला. उद्या फोटो पाठवतो."

४ फेब्रुवारी

पहिल्या पानाची तिसरी ओळ. सबंध दिवस इथेच गेला आणि तो तसाच जायला हवा होता.

ओळीत शब्दांमध्ये मोकळी जागा नाही. आधी अक्षरगट सुटे करायचे. स्वर मारण्याची खूण, आपल्या पायमोडीसारखी, लेखकाने काही ठिकाणी दिली आहे, काही ठिकाणी नाही. म्हणजे एखादं न हे आधीच्या अक्षराचं शेपूट की नव्या शब्दाची सुरुवात, हे दर वेळी ठरवायचं. ब चं अक्षर ब साठी आणि व साठीही येतं. हे सगळं धरून ओळ फोडली, आणि मधोमध निघालं: मा.

ताई भाषांत 'मा' म्हणजे ये. मा म्हणजे कुत्रा. मा म्हणजे घोडा. तीन वेगळे शब्द, वेगवेगळ्या सुरांत म्हणायचे. थाई लिपीने तिन्ही वेगळे लिहायची सोय केली आहे: कुत्र्याच्या आधी न उच्चारायचा ह, घोड्याच्या डोक्यावर सुराची खूण, 'ये' ला काहीच नाही. अहोम लिपीत सुराची खूण नाही. तिन्ही एकसारखे.

त्याच ओळीत पुढे 'ना'. भाताचं शेत, किंवा चेहरा, किंवा जाड.

मोडीत ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत, शब्द तोडत नाहीत, तरी शिवकालीन कागद मी वाचू शकते, कारण वाक्य मराठी आहे आणि माझ्या कानात मराठी आहे. 'दिन' की 'दीन' हे मला विचारावं लागत नाही. अहोम पोथी लिहिणाऱ्यालाही लागलं नसेल. त्याने लिपीवर जेवढं टाकलं त्यापेक्षा जास्त वाचणाऱ्याच्या कानावर सोपवलं होतं. तो कान आज कुणाकडे आहे, या प्रश्नापाशी आमचं सगळं काम येऊन थांबतं.

९ फेब्रुवारी

कोशांकडे वळले. मुख्य आधार 'बर आम्रा', १७९५ चा अहोम शब्दसंग्रह, अर्थ असमियात दिलेले. भाषा घरातून जात असताना, अजून अर्थ सांगणारे होते तेव्हा झालेलं हे काम. त्यामुळे त्याचं मोल फार. गुवाहाटीच्या इतिहास आणि पुरातत्त्व विभागाने १९६४ मध्ये बर आम्रा आणि लोती आम्रा यांच्या आधारे कोश छापला. त्याआधी १९२० मध्ये गोलापचंद्र बरुआ यांचा अहोम-असमिया-इंग्रजी कोश आणि १९३० मध्ये त्यांनीच भाषांतर केलेली अहोम बुरंजी, म्हणजे बखर. छापील अहोम अक्षरांचं आज जे वळण लोकांना परिचयाचं आहे, ते त्या काळातल्या खिळ्यांचं.

बरुआंच्या भाषांतरातले बरेच अर्थ पुढच्या ताई अभ्यासकांना पटलेले नाहीत. पण त्यांच्या वेळी इतर ताई भाषांचे कोश हाताशी ठेवून तुलना करण्याची सोय जवळजवळ नव्हती, आणि देवधाईंकडून मिळालं ते त्यांनी एकट्याने कागदावर आणलं. त्या कष्टांबद्दल मला आदर आहे. त्यांचा अर्थ आम्ही नोंदवणार, त्यांच्या नावाने नोंदवणार.

सरांनी ब्रिटिश लायब्ररीच्या एंडेंजर्ड आर्काइव्ह्ज कार्यक्रमात स्कॅन झालेल्या अहोम पोथ्या दाखवल्या. त्यांत ख्वान बोलावण्याचे इतर पाठ आहेत. समांतर ओळ सापडली तर अर्धं कोडं सुटेल.

१५ फेब्रुवारी

आज बैठकीत वाद झाला, आणि व्हायलाच हवा होता.

सहकाऱ्याचं म्हणणं: पोथीतली स्पेलिंगं एकसारखी करून टाकू. जिथे स्वर मारण्याची खूण सुटली आहे तिथे घालू, ब आणि व वेगळे करू, शब्दांत जागा सोडू. शोध घेणं सोपं होईल, मुलांना वाचता येईल. सरांचं म्हणणं त्याहून निकडीचं: "बाइदेउ, आठवीतल्या मुलाला मी तीन अर्थ सांगितले तर तो वही मिटतो. त्याला एक अर्थ द्यायला हवा."

दोघांचंही खरं आहे. पण मूळ मजकुरावर हात फिरवायला मी ठाम नकार दिला. जिथे खूण नाही तिथे ती घातली की शब्द कुठे तुटतो याचा निर्णय आपण घेतला. जागा सोडली की 'मा' कुणाशी जोडायचा हेही ठरवलं. पुढचा अभ्यासक आमची फाइल उघडेल तेव्हा लेखकाचं काय आणि आमचं काय, हे त्याला कळायचा मार्ग राहणार नाही. आणि या भाषेत चुकलेला अर्थ 'अहो, असं नाही म्हणत' असं सांगून दुरुस्त करणारी आजी नाही. मराठीत संपादकाने केलेली गफलत वाचकाच्या लक्षात येते. इथे ती पोथीचाच भाग होऊन बसेल.

शेवटी ठरलं ते असं. प्रत्येक ओळीला चार पदर. पहिला, लेखकाने लिहिलं तसं, खाडाखोडीसह. दुसरा, देवधाई आजोबा म्हणतात तसं, आणि त्यांनी सांगितलेला अर्थ. तिसरा, आजही बोलल्या जाणाऱ्या ताई भाषांशी ताडून निघणारा अर्थ. चौथा, मुलांसाठी एकच निवडलेला पाठ, आणि तो कुणी आणि कशावरून निवडला त्याची नोंद. मुलांची पुस्तिका चौथ्या पदरातून छापायची. सरांना हवं ते मिळतं, आणि पहिला पदर कुणीच हलवायचा नाही.

२२ फेब्रुवारी

तिसऱ्या पदरासाठी आसामबाहेर जावं लागत नाही, ही केवढी मोठी गोष्ट आहे. फाके, आइतन, खामती, खामयांग हे ताई समाज ईशान्येतच राहतात. खामयांग बोलणारे अगदी मोजके उरलेत. फाकेंची लोकसंख्या जेमतेम दोन हजारांच्या आसपास, पण घरात, शेतात, बुद्धविहारात फाकेच चालते. दिब्रुगड जिल्ह्यात नाहरकटियाजवळ बुढी दिहिंग नदीच्या काठी नामफाके हे त्यांचं मोठं गाव. सरांच्या ओळखीच्या एका फाके गृहस्थांनी आमची शब्दांची यादी स्वतःच्या आवाजात म्हणून पाठवली.

ऐकलं. मा, मा, मा. पहिल्यांदा माझ्या मराठी कानाला फरक लागला तो नुसता जोर वेगळा असावा इतकाच. मग प्रात या सॉफ्टवेअरमध्ये आवाजाच्या उंचीचा आलेख काढला आणि तीन ठिकाणी तीन वेगळ्या रेषा उमटल्या. त्यानंतर पुन्हा पुन्हा ऐकत गेले तसा कान उघडला. फाकेत असे सहा सूर आहेत. त्या गृहस्थांना हे आलेख पाठवले तर ते म्हणाले, आमच्या मुलांना हे दाखवा, त्यांना आवडेल.

महत्त्वाची गोष्ट पुढे. फाकेंची पारंपरिक लिपीही सूर लिहीत नाही. काही ठिकाणी ए आणि ॲ, ओ आणि ऑ यांतही फरक करत नाही. विहारातल्या त्यांच्या पोथ्या आमच्या पोथीइतक्याच अपुऱ्या लिहिलेल्या आहेत. तरी भन्ते, म्हणजे तिथले बौद्ध भिक्खू, त्या वाचतात, कारण मजकूर ज्या भाषेतला आहे ती ते सकाळपासून रात्रीपर्यंत बोलतात. 'मा' आणि 'ना' असलेली आमची ओळ त्या गृहस्थांना अक्षर-अक्षर सांगितली. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ख्वान बोलावताना आम्हीही त्याला अशाच जागा मोजून दाखवतो: शेतात असशील तर ये, पाण्यात असशील तर ये. म्हणजे 'ना' इथे भाताचं शेत असावं आणि 'मा' ये.

तिसऱ्या पदरात लिहिलं, 'फाके बोलणाऱ्याच्या सांगण्यावरून' अशा नोंदीसह. त्यांनी नाव द्यायला नको म्हटलं आहे.

२ मार्च

आजोबांचं पठण. सरांनी फोन पोथीशेजारी ठेवून ध्वनिमुद्रण केलं. दिवा, तांदूळ, मग पठण.

ते वाचत नाहीत, म्हणतात. बोट ओळीवर असतं, पण आवाज बोटाच्या पुढे धावतो. जिथे पोथीत एकच अक्षर आहे तिथे ते दोनदा म्हणतात, आणि लांबवतात. उच्चार असमिया वळणाचे आहेत, सूर पाठांतराच्या चालीचा आहे, फाकेतल्या 'मा' सारखा शब्दाशब्दाचा नाही. आमच्या ओळीवर ते आले. 'मा' चा अर्थ त्यांनी ये असाच सांगितला. 'ना' म्हणजे मात्र तोंड, समोरची बाजू. ख्वानने माणसाच्या समोर यावं, पाठीमागून नाही, असं त्यांच्या वडिलांनी शिकवलं होतं.

सहकाऱ्याने विचारलं, मग बरोबर काय? मी म्हटलं, दोन्ही लिही. भाषाशास्त्राच्या अंगाने मला शेत जास्त पटतं, आणि चौथ्या पदरात सरांनी शेत निवडलं तर मी हरकत घेणार नाही. पण आजोबांच्या अर्थाला 'चूक' असा शिक्का मारायचा नाही. या ओळीने त्यांच्या घरी कित्येक आजारी माणसांना धीर दिला आहे, आणि तो त्यांनी सांगितलेल्या अर्थाने दिला आहे. अहोम बोलणं थांबल्यावरही ही पानं फेकली गेली नाहीत, वाळवी लागू दिली गेली नाही, ती याच घरांमुळे. त्यांचं वाचन हाही या भाषेच्या इतिहासाचा पुरावा आहे, आणि तो नष्ट होण्याजोगा पुरावा आहे. म्हणून ध्वनिमुद्रणाची मूळ फाइल, न कापता, त्यांच्या घरी एक, सरांकडे एक आणि आमच्याकडे एक.

८ मार्च

देवनागरी लिप्यंतराचे नियम. ॲ आणि ऑ मराठीत आधीच आहेत, ते काम झालं. अडचण त्या ओठ न गोलवता काढायच्या उ ची. 'देश, मुलूख' या अर्थाचा ताई शब्द त्यानेच उच्चारतात. रोमनमध्ये कुणी म्युंग लिहितं, कुणी मंग, कुणी मोंग. देवनागरीत काश्मिरीसाठी असलेली खूण इथे चपखल बसते: मॖङ. बऱ्याच मोबाइलवर ती नीट दिसते का हे पाहावं लागेल, पण नवं चिन्ह शोधण्यापेक्षा असलेलं वापरणं चांगलं. शब्दाच्या शेवटी अनुस्वार द्यायचा नाही, ङ्, न्, म् वेगळे लिहायचे; ताईत तिन्ही शेवटी येतात आणि तिन्हींचा अर्थ वेगळा.

१४ मार्च

डेटाबेसमध्ये सगळी अहोम अक्षरं प्रश्नचिन्हं होऊन बसली. मायएसक्यूएलचा जुना 'यूटीएफ-८' प्रत्यक्षात तीन बाइटच धरतो आणि अहोमला चार लागतात. टेबल चार बाइटवाल्या प्रकारात बदलली. मोडी साठवणाऱ्यांनीही हे तपासून घ्यावं.

२३ मार्च

पोथीच्या शेवटच्या उघड्या पानावर साल दिलं आहे, लाकनी पद्धतीने. दहा नावांचं एक चक्र, बारा नावांचं दुसरं, दोन्ही एकदम फिरतात आणि साठ वर्षांनी जोडी पुन्हा तीच येते. शकाच्या संवत्सरांसारखंच: नाव कळलं तरी कुठल्या फेरीतलं ते कळत नाही. राजाचं नाव सोबत असतं तर प्रश्न सुटला असता. इथे नाही. साठ-साठ वर्षांच्या अंतराने जी सालं शक्य आहेत ती सगळी फाइलमध्ये दिली. सहकारी शाई आणि अक्षरवळणावरून अंदाज लिहू म्हणत होता, नको म्हटलं. एकदा अंदाज आकड्यात लिहिला की पुढे लोक तो आकडाच उचलतात.

६ एप्रिल

सरांच्या वर्गात कीबोर्डची चाचणी. मुलांनी आधी स्वतःची नावं टाइप केली. नावांत ग, द, भ भरपूर, म्हणजे रांगेच्या शेवटची मागून आलेली अक्षरंच सगळ्यात जास्त वापरली गेली. त्यांच्या किल्ल्या सोप्या जागी आहेत, हे बरं झालं. एका मुलीने विचारलं की चराईदेव कसं लिहायचं. गेल्या वर्षी जुलैमध्ये तिथल्या मोइदामांना, राजांच्या समाधी-टेकड्यांना, जागतिक वारसा यादीत जागा मिळाली, त्यामुळे ते नाव सगळ्यांच्या तोंडी आहे. सरांनी फळ्यावर लिहून दाखवलं, तिने मोबाइलवर टाइप केलं, वर्गाच्या ग्रुपवर टाकलं, आणि ज्यांच्या फोनमध्ये फाँट नाही त्यांना चौकोन दिसले. फाँट कसा घालायचा याचं असमियात एक पानी पत्रक हवं. ते सर लिहितील.

पुस्तिकेचा नमुना मुलांना दाखवला. डावीकडे पोथीतली ओळ जशीच्या तशी, उजवीकडे निवडलेला एक अर्थ, आणि पानाच्या तळाशी बारीक अक्षरात दुसरा अर्थ. सरांची भीती होती की तळटीप मुलांना गोंधळात टाकेल. झालं उलटंच. 'शेत' आणि 'समोर' या दोन अर्थांवर वर्गात वाद रंगला, आणि दोन मुलं संध्याकाळी आजोबांना विचारायला त्यांच्या घरी गेली.

१७ एप्रिल

नामफाकेत पोई सांगकेनचा सण, बुद्धमूर्तींना पाण्याने स्नान घालण्याचे दिवस. तिकडून पुढची ध्वनिमुद्रणं महिनाअखेरीस येतील. यादीत आता 'मा' सारखे, एका लिखाणात अनेक शब्द दडलेले सगळे गट घातले आहेत, आणि प्रत्येक शब्द एकटा आणि वाक्यात असा दोन्ही प्रकारे म्हणायची विनंती केली आहे.

आजोबांनी पहिली तीन पानं सर्वांसाठी खुली करायला परवानगी दिली. चौथं नको म्हणाले; त्यावर आजाऱ्याचं नाव घेण्याची जागा आहे. ते आमच्याकडेही बंद फोल्डरमध्ये राहील.

बाकी कामं: जुन्या फाँटच्या परिवर्तकात जोडलेल्या र च्या दोन रूपांचा नियम अजून कच्चा आहे. दुसऱ्या पानाच्या सातव्या ओळीत कडेला साल तुटली आहे, तिथली दोन अक्षरं समांतर पाठ सापडेपर्यंत रिकामी ठेवायची. मॖङ ची खूण जुन्या अँड्रॉइडवर सरकते, तिथे काय करायचं ते सहकारी बघतोय. आणि सरांनी विचारलं आहे की ब चं पर्यायी अक्षर, जे युनिकोडमध्ये २०१८ ला आलं, ते मुलांच्या पुस्तिकेत ब आणि व वेगळे दाखवायला वापरू का. चौथ्या पदरात वापरा, पहिल्यात नको, असं कळवलं आहे.